ऐकणाऱ्या चेहऱ्यापाशी

आज थोडा वेळ मोकळा ठेवून बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. मांडी घालून बसा किंवा खुर्चीत पाठ टेकून. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, तेही तुमच्यावर. मंत्र नाही, श्वास मोजणं नाही. एक चेहरा आठवायचा आहे आणि त्याच्यापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबायचं आहे.

चेहरा रीमा लागू यांचा.

आठवायला कष्ट पडणार नाहीत. 'मैंने प्यार किया'मधली सलमान खानची आई. 'हम आपके हैं कौन'मधली माधुरीची आई. 'कुछ कुछ होता है'मधली काजोलची, 'वास्तव'मधली संजय दत्तची. आता मनात काय घडलं ते पाहा. चेहरा आला, पण एकटा आला नाही. कुणाच्या तरी शेजारी उभा राहूनच आला. आपल्या आठवणीतसुद्धा रीमाताई चौकटीच्या मध्यभागी नाहीत, किंचित बाजूला आहेत. इथे जरा थांबा. कितीतरी बायकांना आपण आयुष्यभर असंच ओळखत आलो आहोत, अमक्याची आई, तमक्याची सून म्हणून.

मग तो शेजारचा माणूस मनातल्या मनात बाजूला करा. सलमान नको, माधुरी नको. उरलेल्या चेहऱ्याकडे पाहा. मोठे, बोलके डोळे. हसताना आधी डोळ्यांत येणारं आणि मग ओठांवर उतरणारं हसू. हा चेहरा कुणाचीही आई होण्याच्या आधी काय होता, तिथे जाऊ.

त्या वेळी नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. नयनही लहानपणीच 'बेबी नयन' या नावानं चित्रपटांत दिसू लागली. शाळा पुण्याची हुजूरपागा.

त्या मुलीच्या जागी थोडा वेळ बसून बघा. आई नाटकात काम करते. प्रयोग रात्रीचे असतात, दौरे असतात. इतर मुलांची आई संध्याकाळी दिवा लावते तेव्हा हिची आई रंगपटात आरशासमोर बसलेली असते. घरातल्या आवाजात रागावणारी आई रंगमंचावर दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलते. आई म्हणजे माया, हे सगळ्याच मुलांना कळतं. आई म्हणजे काम करणारी बाईही आहे, तिला एक कसब आहे आणि ते कसब आपल्यापलीकडच्या लोकांसाठी आहे, हे नाटकवाल्यांच्या मुलांना फार लवकर कळत असावं. पुढे जिच्या वाट्याला हिंदी पडद्यावरच्या साऱ्या आया आल्या, ती मुळात एका अभिनेत्रीची मुलगी होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्या आया कधी नुसत्या देवघरातल्या मूर्ती का झाल्या नाहीत, याचं एक उत्तर मला इथेच सापडतं.

पुढे १९७९पासून साधारण दहा वर्षं त्यांनी युनियन बँकेत नोकरी केली. त्या काळात मराठी रंगभूमीचा मोठा भाग बँकांतल्या, विमा कंपन्यांतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांनी तोलून धरला होता. दिवसा खातेवह्या, संध्याकाळी तालीम. आंतरबँक स्पर्धांतून नाटकं व्हायची आणि त्यातून माणसं व्यावसायिक रंगभूमीवर यायची. रीमाताई त्या वाटेवरच्याच. त्याच सुमारास 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग' या चित्रपटांतून त्या छोट्या भूमिकांत दिसल्या. विवेक लागू यांच्याशी लग्न झालं आणि आज आपण ज्या नावानं त्यांना ओळखतो ते नाव आलं. पुढे ते दोघं वेगळे झाले. त्यावर बाहेरच्यानं बोलावं असं काही नाही.

आपल्याला थांबायचं आहे ते त्या वर्षांतल्या दोन नाटकांपाशी.

पहिलं 'पुरुष'. लेखक जयवंत दळवी, दिग्दर्शन विजया मेहता. गुलाबराव हा सत्तेचा माज चढलेला पुढारी, ती भूमिका नाना पाटेकरांची. अंबिका ही शिक्षिका, रीमाताईंची. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. व्यवस्था, नातीगोती, सभ्य समाज, सगळे हळूहळू तिच्यापासून दूर सरकतात आणि शेवटी ती स्वतःच त्याला शिक्षा देते. कथा क्षणभर बाजूला ठेवा आणि ही भूमिका करणाऱ्या बाईचा विचार करा. चित्रपटात असा प्रसंग एकदा चित्रित होतो आणि संपतो. नाटकात तो पुढच्या प्रयोगाला पुन्हा उभा असतो, त्याच्या पुढच्या प्रयोगालाही. आज मुंबई, उद्या दुसऱ्या गावचं नाट्यगृह. अपमान प्रत्येक वेळी नवा वाटला पाहिजे, राग प्रत्येक वेळी पहिल्यांदाच यावा तसा आला पाहिजे. ते रोज जागं करायचं, पडदा पडल्यावर शांत करायचं आणि सकाळी माणसांत मिसळायचं. यासाठी शरीराला आणि मनाला किती शिस्त लागत असेल, याची कल्पना करून पाहा. शब्दांत मांडायची गरज नाही.

दुसरं 'सविता दामोदर परांजपे', शेखर ताम्हाणे यांचं. कुसुम नावाची गृहिणी आणि तिच्या आतून बोलणारी दुसरी एक बाई. कॅमेरा नाही, एडिटिंग नाही, आवाज बदलून देणारं यंत्र नाही. एकाच देहात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, एक बाई मागे सरते आणि दुसरी पुढे येते. ज्यांनी ते पाहिलं ते अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात.

ही अभिनेत्री काय करू शकत होती ते नीट मनात भरून घ्या. सूड घेणारी अंबिका. स्वतःच्याच देहात हरवलेली कुसुम. स्वतःचं नशीब, स्वतःचा क्रोध, स्वतःची शेवटची चाल असलेल्या बायका. हे मनात धरूनच पुढे चला.

१९८८मध्ये 'कयामत से कयामत तक' आला. रीमाताई जुही चावलाची आई झाल्या. तेव्हा त्यांना तीस पूर्ण व्हायची होती.

आता सावकाश थोडी वजाबाकी करू. जुही चावलाचा जन्म १९६७चा, म्हणजे आई आणि मुलगी यांच्यात नऊ वर्षं. माधुरी दीक्षितचाही १९६७चा, तिथेही नऊच. सलमान खानचा डिसेंबर १९६५चा, म्हणजे सात वर्षं. संजय दत्तचा जुलै १९५९चा. इथे वजाबाकी जवळजवळ उरतच नाही. मुलगा आईपेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी धाकटा.

या शेवटच्या आकड्यापाशी बसा. आपल्याच वयाच्या माणसाची आई व्हायचं. केसांत पांढरे पट्टे ओढता येतात, साडी बदलता येते, आवाज थोडा जड करता येतो. पण समोरच्याला मूल समजणं रंगपेटीतून येत नाही. ते नजरेतूनच यावं लागतं. समोरच्या दांडग्या देहाच्या पुरुषात तिला ते बोट धरून चालणारं पोर दिसायला हवं. तिला दिसलं तरच आपल्याला दिसतं.

मला याचा राग येतो, आणि मननात राग आला तर त्याला हाकलून देऊ नये. पुरुषाचं तारुण्य आपल्या चित्रसृष्टीनं किती जपलं आणि बाईचं किती लवकर संपवलं! २०१६मध्ये 'सुलतान'मध्ये सलमान खान आखाड्यात कुस्ती खेळणारा नायक होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'नामकरण' मालिकेत रीमाताई आजी होत्या. 'मैंने प्यार किया'च्या १९८९पासून २०१६पर्यंत दोघांच्या वयातलं अंतर तेवढंच, सात वर्षं. पडद्यावर मात्र एक जण जागच्या जागी राहिला आणि दुसरीला दोन पिढ्या पुढे ढकललं गेलं. हा राग रीमाताईंच्या वतीनं करायचा नाही, तो आपला आहे. त्याला त्याची जागा द्या आणि त्याच्या शेजारीच पुढची गोष्ट ठेवा.

पुढची गोष्ट अशी, की ढकललेल्या त्या जागी उभं राहून त्यांनी ती जागाच बदलून टाकली.

हिंदी पडद्यावरच्या आईला मराठी रंगभूमीनं आणि मराठी चित्रपटानं मोठी माणसं दिली. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचनादीदी. रीमाताई त्या रांगेतल्या. त्यांच्या आधी प्रेक्षकांच्या मनावर ठसलेली आई निरुपा रॉय यांची होती. दारिद्र्याशी झगडणारी, मुलांच्या ताटातुटीनं खचलेली, देवापुढे पदर पसरणारी. तिची थोरवी कमी नाही. पण रीमाताईंची आई मुलाची मैत्रीण होती. 'मैंने प्यार किया'मधली कौशल्या मुलाचं मन त्याच्याही आधी ओळखते, सुमनला जवळ करते, नवऱ्याचं चुकतं तिथे त्याच्या बाजूनं उभी राहत नाही. ती चेष्टा करते, हसते, घर तिच्या हसण्यावर चालतं. वयानं खरंच तरुण असलेल्या बाईनं आईपणात तारुण्य तसंच राहू दिलं. म्हातारं दिसण्याचा आटापिटा केला नाही. त्या काळातल्या अनेक मुलांना पडद्यावर पहिल्यांदाच अशी आई दिसली, जिच्याशी गप्पा मारता येतील.

आता एक प्रत्यक्ष करून बघायची गोष्ट. हवं तर आत्ता, हवं तर रात्री.

'वास्तव' लावा. महेश मांजरेकरांचा, १९९९चा. रघू गुंडगिरीत पैसा मिळवून घरी येतो आणि गळ्यातली जाडजूड सोन्याची साखळी आईला दाखवतो, तो प्रसंग काढा. सगळ्यांना तो पाठ आहे, नकला करून करून झिजलाय. एकदा नेहमीसारखा पाहा. मग आवाज पूर्ण बंद करा आणि पुन्हा पाहा, पण या वेळी रघूकडे बघायचं नाही. शांताकडे, त्याच्या आईकडे बघायचं. तिथे काय दिसतं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही माझं वाक्य बघाल, तिचा चेहरा बघणार नाही.

चित्रीकरणात बोलणाऱ्याचा शॉट घेतला जातो तसा ऐकणाऱ्याचाही घेतला जातो, आणि कुणाचा चेहरा कधी दाखवायचा ते एडिटिंगच्या टेबलावर ठरतं. प्रेक्षकाला वाटतं, आपण नायकाच्या संवादानं हललो. पुष्कळदा आपण हललेलो असतो ते तो संवाद ऐकणाऱ्या चेहऱ्यामुळे. ऐकणारा खोटा असेल, आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत नुसता उभा असेल, तर बोलणारा कितीही मोठा नट असला तरी वाक्य हवेत विरतं. हिंदी चित्रपटातल्या आईला वाक्यं कमीच असतात. तिचं काम ऐकण्याचं. रीमाताईंनी ऐकणं हेच आपलं मुख्य काम मानलं आणि तिथे रंगभूमीवरची सगळी ताकद ओतली, असं मला ठामपणे वाटतं. ज्या दृश्यांचं श्रेय इतरांना मिळालं त्यातली कितीतरी दृश्यं त्यांच्या ऐकण्यावर उभी आहेत.

आणि मग 'वास्तव'चा शेवट. वेडाच्या काठावर पोचलेला रघू आईकडे मुक्ती मागतो आणि शांता त्याच्यावर गोळी झाडते. चित्रपटभर जी ऐकत होती, पाहत होती, सोसत होती, तिच्या हातात शेवटी कथेचा निर्णय येतो. इथे मला अंबिका आठवते. वर्षानुवर्षं रंगमंचावर जिनं शेवटची चाल स्वतः खेळली, तिला हिंदी पडद्यानं एकदा का होईना तशी चाल दिली, आणि ती खेळताना शांताचे हात थरथरले असतील, पण अभिनेत्री कुठेही डगमगली नाही. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं नामांकन मिळालं. 'मैंने प्यार किया', 'आशिकी' आणि 'हम आपके हैं कौन' यांच्यासाठीही मिळालं होतं. चार नामांकनं. पुरस्कार एकदाही नाही.

दुःख साठू लागलं असेल तर ते फार घट्ट होऊ देऊ नका, कारण आता १९९४ साल येतं आणि या बाईचं हसू त्यात भरून आहे.

दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली. रीमाताई कोकिळा कुलकर्णी. शेजारचा दिलरुबा तिच्यावर लट्टू आणि तिचा नवरा केशव शेजारणीवर. त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'. दिग्दर्शक सचिन, सून सुप्रिया आणि सासू देवकी म्हणजे रीमाताई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन'. म्हणजे सिनेमाघरात माधुरीची सोज्ज्वळ आई आणि घरातल्या टीव्हीवर शेजाऱ्याला वेड लावणारी बायको नि सुनेशी खणखणीत भांडणारी सासू, सगळं एकाच वेळी. देवकीची भांडणं आठवून बघा. तिचं टोमणा मारून क्षणभर थांबणं, आपला बाण बरोबर लागला का हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणं, आणि सून हरली की तिला पोटाशी धरणं. खाष्ट सासू हे पात्र मराठी लोकनाट्यापासून चालत आलेलं, पण देवकीचा आपल्याला कधी तिटकारा आला नाही. हातात असेल तर एखादा भाग जरूर पाहा, आणि हसू आलं तर मनन मोडलं असं समजू नका.

आता शेवटाकडे. हळू चला.

'नामकरण'मधली दयावंती मेहता ही कठोर, अहंकारी बाई होती. जन्मभर मायाळू आई म्हणून ओळखलेल्या चेहऱ्यावर शेवटी निष्ठुरपणा आला, आणि तो त्यांनी पुरेपूर निभावला. १७ मे २०१७ला त्या संध्याकाळपर्यंत या मालिकेच्या चित्रीकरणात होत्या. रात्री छातीत दुखू लागलं, अंधेरीच्या रुग्णालयात नेलं, आणि १८ मेच्या पहाटे हृदयक्रिया बंद पडून त्या गेल्या. वय अठ्ठावन्न. एकोणसाठ पूर्ण करायलाही अवधी होता.

मालिका थांबली नाही. थांबू शकत नाही, तिच्यावर कितीतरी जणांचं पोट असतं. दयावंतीची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली आणि कथा पुढे सरकली. या गोष्टीपाशी कडवटपणा न आणता बसता येतं का, ते पाहा. मला सुरुवातीला जमलं नाही. मग वाटलं, हाच त्या व्यवसायाचा धर्म त्या आयुष्यभर पाळत आल्या होत्या. प्रयोग ठरलेल्या वेळी सुरू होतो. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या कामावर होत्या, यात मला दिलासा वाटतो आणि चटकाही बसतो. दोन्ही भावना राहू द्या.

त्यांची मुलगी मृण्मयी लागू लेखिका आणि दिग्दर्शिका. २०२०मध्ये आलेल्या 'थप्पड'ची कथा तिनं अनुभव सिन्हा यांच्यासोबत लिहिली आणि त्या कथेसाठी दोघांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. एका थपडेनं संसाराकडे नव्यानं पाहू लागलेल्या अमृताची ती गोष्ट. त्यात अमृताची आई आहे, रत्ना पाठक शाह यांनी केलेली. संसारासाठी तिनं आपलं गाणं सोडलं होतं, आणि लेकीच्या निमित्तानं ते सोडणं पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडतं. अभिनेत्री आजी, अभिनेत्री आई आणि लिहिणारी नात, अशा तीन पिढ्यांनंतर पडद्यावरच्या आईला विचारलं गेलं, की बाई, तुझं स्वतःचं काय होतं? रीमाताई असत्या तर त्या दृश्यात कशा दिसल्या असत्या, याची कल्पना करून पाहायला हरकत नाही. अंबिका आणि कुसुम करणारी बाई त्या वाक्याचं काय करू शकली असती, हे तुम्ही आता ओळखू शकाल.

उठायच्या आधी एक गाणं राहिलं. 'हम आपके हैं कौन'मधलं व्याही-विहिणीचं. आलोकनाथ आणि रीमाताई एकमेकांची चेष्टा करत गातात, दोन्ही घरची माणसं भोवती जमलेली. मुली, जावई, दीर, सगळे आहेत, पण त्या तेवढ्या मिनिटांत रीमाताईंची मधुकला कुणाचीही आई म्हणून तिथे नसते. जुन्या ओळखीच्या माणसानं काढलेली खोडी तिला कळते, ती लाजते, मग तशीच परतफेड करते आणि खुशाल मिरवते. चित्रपट लागला तेव्हा रीमाताईंना छत्तीस वर्षं पूर्ण होऊन दीड महिना झाला होता. त्या गाण्यात त्या छत्तीस वर्षांच्याच दिसतात.